तीनची परेड किती वाजता?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराच्या नैर्ऋत्येला, दलदलीच्या जमिनीवर उभारलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच उद्यान होते. १९८२मध्ये एपकॉट, १९८९मध्ये आता हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे उद्यान आणि १९९८मध्ये ॲनिमल किंगडम आले. आज चार उद्याने, दोन जलउद्याने, पंचवीसहून जास्त हॉटेले, दुकानांचा एक मोठा बाजार आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या बस, बोटी व मोनोरेल असा सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा हा पसारा आहे. करोनापूर्वी इथे पंचाहत्तर हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. मिकी माउसचा मुखवटा चढवणारे त्यांत अगदी थोडे. बाकीचे बस चालवतात, चादरी बदलतात, बटाटे तळतात, झुडपे कातरून त्यांना प्राण्यांचे आकार देतात, बुडणाऱ्या पोरांना पाण्याबाहेर काढतात आणि मध्यरात्री रुळांवरचे बोल्ट तपासतात.

इथे येणारे कुटुंब बहुधा बरीच वर्षे पैसे साठवून येते. त्याच्या दृष्टीने तो दिवस एकुलता एक असतो. त्याच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र तेच वाक्य त्या दिवशी कितव्यांदा बोलतो आहे याचा हिशेब त्याने केव्हाच सोडून दिलेला असतो. पाहुण्याचे पहिल्यांदा आणि कामगाराचे रोजचे, यांतले अंतर पाहुण्याला जाणवू द्यायचे नाही, हेच या नोकरीतले मुख्य कसब. प्रशिक्षण, कपडे, भुयारे, कामाच्या जागांची अदलाबदल, अगदी बोट कसे दाखवायचे याचे नियमसुद्धा त्यासाठीच आहेत. मजुरीवरून आणि पाळ्यांवरून होणाऱ्या तक्रारींच्या मुळाशीही पुष्कळदा हेच अंतर असते.

नव्या माणसाची सुरुवात 'ट्रॅडिशन्स' नावाच्या वर्गाने होते. १९५५मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा व्हॅन फ्रान्स यांनी कामगारांना शिकवण्याची जी पद्धत घालून दिली, तिचेच हे पुढचे रूप. कंपनीचा इतिहास, वॉल्ट डिस्नेच्या गोष्टी, थोडा भावनेचा पूर आणि शेवटी नावाची पट्टी. पट्टीवर पहिले नाव आणि गावाचे नाव एवढेच असते. शिकवण नाटकाच्या भाषेत चालते. कामगार हा 'कास्ट मेंबर', गणवेश म्हणजे 'कॉश्च्युम', पाहुणे दिसतात तो भाग 'ऑनस्टेज', बाकीचा 'बॅकस्टेज'. पहिल्या आठवड्यात नव्या पोरांना या शब्दांचे हसू येते, पण महिनाभरात तीच पोरे घरी फोनवर हेच शब्द वापरू लागतात. यापेक्षा जास्त उपयोगाची शिकवण म्हणजे प्राधान्यक्रम. आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग 'शो' म्हणजे देखावा, आणि सर्वांत शेवटी कामाचा झपाटा. अलीकडे सर्वसमावेशकता हा पाचवा मुद्दा जोडला गेला. रांग कितीही लांब असली तरी सीटचा पट्टा तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा निर्णय अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कुणाला न विचारता घेऊ शकतो तो या क्रमामुळेच.

दिसण्याचे नियम फार काळ कडक होते. मिशी ठेवायला २००० साली परवानगी मिळाली, दाढीला २०१२ साली, तर गोंदण उघडे दिसले तर चालेल हे २०२१मध्ये ठरले. गंमत अशी की खुद्द वॉल्ट डिस्नेला मिशी होती. वाट दाखवताना एक बोट रोखायचे नाही. दोन बोटांनी किंवा उघड्या तळहाताने दाखवायचे. लहान मुलाशी बोलताना गुडघे वाकवून त्याच्या उंचीला यायचे. 'मला माहीत नाही' असे म्हणून पाहुण्याला वाटेला लावायचे नाही, विचारून सांगायचे. 'तीनची परेड किती वाजता?' हा प्रश्न या नोकरीतला जुना विनोद आहे, पण प्रशिक्षणात तो गंभीरपणे शिकवला जातो. परेड तीनला निघते हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. आपण उभे आहोत तिथे ती केव्हा पोहोचेल, मुलांना घेऊन आताच जागा धरावी की आधी काही खाऊन घ्यावे, हे त्याला हवे असते. हसणे सोपे, दिवसात शंभराव्या वेळी त्या प्रश्नातला खरा प्रश्न ऐकणे अवघड.

मॅजिक किंगडमच्या खाली सुमारे नऊ एकरांचे बोगद्यांचे जाळे आहे. 'खाली' हा शब्द तसा फसवा. फ्लोरिडात थोडे खणले तरी पाणी लागते, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले, शेजारचे तळे खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि उद्यान वरच्या मजल्यावर वसवले. यामागची कथा अशी सांगतात की डिस्नेलँडमध्ये वॉल्ट डिस्नेला काउबॉयच्या वेषातला एक कामगार भविष्यनगरीतून चालताना दिसला आणि ते त्याला खटकले. या बोगद्यांमुळे प्रत्येक जण आपल्या भागात जिना चढून थेट उगवतो. आत बॅटरीच्या गाड्या फिरतात, डोक्यावरच्या पाइपांतून हवेच्या दाबाने कचरा धावत असतो, भिंतींवरच्या रंगांवरून आपण वरच्या कोणत्या विभागाखाली आहोत ते कळते. जेवणाची, टेकायची, रडून घ्यायची जागाही तीच. राजकन्येच्या वेषातली मुलगी मोबाइलवर घरभाड्याचे बोलत सँडविच खाते आहे, हे दृश्य तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही.

राइडवरचे काम बाहेरून एकच दिसते, प्रत्यक्षात ते आठ-दहा जागांमध्ये वाटलेले असते. दारापाशी स्वागताला एक जण, रांगेचे फाटे सांभाळायला एक जण, 'तुम्ही किती जण?' विचारून ओळी पाडणारा एक, गाडीत बसवणारे, उतरवणारे आणि नियंत्रणकक्षात बटणांसमोर बसलेला एक. कोण कुठे आणि किती वेळ, हे संगणक ठरवतो. एकाच जागी तासन्‌तास उभे राहिले की माणूस गुंगीत जातो, आणि गुंगीतला माणूस पट्टा तपासल्याची नुसती खूण करतो. म्हणून ठरावीक वेळाने जागा बदलतात. ओळी पाडणाऱ्याचे गणित सर्वांत मजेदार. पाच जणांचे कुटुंब, दोघांची बाके, एक आजी जिला एकटीने बसायचे नाही, आणि मागे एक जोडपे ज्याला वेगळे व्हायचे नाही. गाडी फलाटावर थांबते तेवढ्या सेकंदांत हे जमवायचे. न जमले तर रिकामी सीट पुढे जाते, आणि दुपारी रिकाम्या सीटा वाढल्या की वरिष्ठ येऊन मागे उभे राहतात.

दारावरच्या माणसाच्या वाट्याला उंची मोजण्याची काठी येते. स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात. वाढदिवसाचा बिल्ला लावून आलेला, महिनाभर भिंतीवर पेन्सिलने खुणा करून वाढ मोजणारा मुलगा ४३ इंचांचा निघाला की नाही म्हणावे लागते. वडील वाद घालतात, मागच्या उद्यानात सोडले होते असे सांगतात, आवाज चढवतात. नियम तोडायची मुभा कुणालाही नसते. मुलाची समजूत कशी घालायची, त्याला दुसरे काय दाखवायचे, एवढेच हातात असते. या कामात माणूस लवकर निबर होतो किंवा लवकर शहाणा होतो; दोन्ही झालेले पुष्कळ असतात.

राइड बंद पडली की रेडिओवर '१०१' ऐकू येते आणि सुरू झाली की '१०२'. या आकड्यांच्या मधला वेळ कामगाराला नकोसा असतो, कारण दीड तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना कारण न सांगता धीर द्यायचा असतो. हाँटेड मॅन्शनमध्ये गाड्यांची साखळी सतत फिरते. चालायला त्रास असलेल्या व्यक्तीला चढवण्यासाठी ती थांबवली की भुताच्या आवाजातच निरोप दिला जातो. अडथळासुद्धा खेळाचा भाग होतो. या राइडवरचे नोकर-मोलकरणींच्या वेषातले कामगार हसले नाहीत तरी चालते, आणि म्हणूनच अनेकांना ती नेमणूक हवीशी वाटते. उलट जंगल क्रूझच्या नावाड्याला दर फेरीत तेच शाब्दिक विनोद करायचे असतात. चांगला नावाडी विनोदावर विसंबत नाही. समोर बोटीत बसलेल्या लोकांत कोण कंटाळले आहे ते पाहून तो थांबण्याची जागा बदलतो, एक वाक्य गिळतो, दुसऱ्यावर स्वतःच हताश होतो. कीर्तनकार नेहमीचेच आख्यान समोरचा श्रोता पाहून लांबवतो-आखडतो, तसे हे.

समाजशास्त्रज्ञ जॉन व्हॅन मानन यांनी तरुणपणी डिस्नेलँडमध्ये राइड चालवली होती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्माइल फॅक्टरी' या निबंधात त्यांनी तिथल्या कामगारांमधली उतरंड मांडली आहे. सर्वांत वर वाटाड्या मुली, मग कौशल्याच्या राइड चालवणारे, मग साध्या राइडवाले, खाली झाडूवाले आणि तळाला खाण्याच्या गाड्यांवरचे. पगारात फारसा फरक नसूनही ही उतरंड सगळे पाळत. उर्मट पाहुण्याचा पट्टा जरा जास्तच आवळणे यासारखे सूड घेण्याचे छुपे मार्गही त्यांनी नोंदले आहेत. फ्लोरिडात ही श्रेणी आज तशीच राहिलेली नाही, तरी स्वयंपाकघरात नेमलेला विद्यार्थी राइडवरच्या मित्राकडे जरा हेव्याने पाहतो, एवढे खरे.

झाडूवाल्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. पांढऱ्या कपड्यांत, लांब दांड्याची सुपली आणि झाडू घेऊन फिरणाऱ्या या माणसाला पाहुणे सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, कारण तो कुठल्या काउंटरमागे नसतो. शौचालय कुठे, सावली कुठे, हरवलेला चश्मा कुठे मिळेल, मूल हरवले तर काय करायचे, हे सगळे त्याला पाठ असते. काही जण ओल्या झाडूने फरशीवर मिकीचे चित्र काढतात. उन्हात ते काही मिनिटांत वाळते. उलटी झाली की त्यावर भुकटी टाकून, पाहुण्यांची गर्दी हलक्या हाताने वळवून, जागा मोकळी करणे हेही त्याचेच काम. फिरत राहण्याची मोकळीक आणि वरिष्ठांची पाठीमागे नसलेली नजर यांमुळे हे काम हौसेने मागून घेणारे बरेच असतात.

मुखवट्याखालचे काम सर्वांत कष्टाचे. नेमणूक चेहऱ्यावरून नव्हे तर उंचीवरून होते. मिकीसाठी बुटकी माणसे लागतात, त्यामुळे आत बहुतेक वेळा मुलगी असते. बोलायचे नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. हातवारे ठरलेले, सहीसुद्धा ठरलेली, कारण दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मिकीच्या सह्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. फ्लोरिडाच्या जुलैत हा फरचा वेष अंगावर असताना अर्ध्या तासाच्या आसपास काम आणि मग विश्रांती, असा क्रम असतो. बरोबरचा सोबती घड्याळाकडे लक्ष ठेवतो, आतल्या माणसाचा तोल जात असेल तर ओळखतो आणि 'मिकीला आता थोडे काम आहे' असे सांगून त्याला आत नेतो. पोरे मिठी मारतात, मोठी माणसे कधी शेपटी ओढतात, कधी कुणी आतून आवाज काढून दाखवायचे आव्हान देते. मी मिकी आहे असे कामगार बाहेर कधीच सांगत नाही; 'माझी मिकीशी मैत्री आहे' अशी बोलण्याची रीत आहे. या लोकांची संघटना ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेत आहे. वेषाबरोबर घालायचे अंतर्वस्त्र पूर्वी कंपनीच्या सामायिक ढिगातून मिळे आणि ते नीट धुतलेले नसते अशी तक्रार होती. २००१मध्ये संघटनेने वाटाघाटी करून प्रत्येकाला स्वतःचे, घरी नेऊन धुता येईल असे अंतर्वस्त्र मिळवून दिले. वृत्तपत्रांनी त्यावर विनोद केले, पण ज्यांना ते रोज घालावे लागे त्यांच्या दृष्टीने त्या वर्षातला हा सर्वांत मोठा विजय होता.

एपकॉटमध्ये अकरा देशांची दालने आहेत आणि त्या त्या देशांतले तरुण वर्षभराच्या करारावर तिथे काम करतात. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यात क्यू नावाचा व्हिसा आला. त्याची कमाल मुदत पंधरा महिने. बोलीभाषेत त्याला डिस्ने व्हिसाच म्हणतात. भारताचे दालन या अकरांत नाही. भारत दिसतो तो ॲनिमल किंगडममधल्या आनंदपूर या काल्पनिक राज्यात. तिथे भिंतींचा उडालेला रंग, गंजलेल्या सायकली, विजेच्या तारांचा गुंता हे सगळे कारागिरांनी मुद्दाम घडवलेले. पडझड टिकवण्यासाठी देखभाल करणाऱ्यांची तुकडी असते, ही गोष्ट मराठी प्रवाशाला थोडी करमणुकीचीच. जवळच्या ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या हॉटेलात नान आणि चटण्या मिळतात, आणि पलीकडच्या कुरणातले जिराफ खिडकीतून दिसतात.

भारताशी आणखी एक संबंध आला तो इतका गोड नव्हता. २०१५च्या सुरुवातीला इथल्या माहिती-तंत्रज्ञान विभागातल्या सुमारे अडीचशे लोकांना काढण्यात आले. त्यांच्या जागी कंत्राटी कंपन्यांमार्फत एच-वन-बी व्हिसावर आलेले तंत्रज्ञ बसले, आणि त्यांत बरेच भारतीय होते. जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना काम शिकवून जायचे, अशी अट होती. न्यायालयात गेलेले दावे पुढच्या वर्षी फेटाळले गेले. पुण्या-हैदराबादहून अशा नेमणुकीवर जाणाऱ्याला आपण कुणाच्या खुर्चीत बसतो आहोत हे बहुधा तिथे पोहोचल्यावरच कळते.

हवामान हा इथला न दिसणारा वरिष्ठ. उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी वीज कडाडते आणि उघड्यावरच्या राइड बंद होतात. पाहुणे दुकानांत शिरतात आणि दुकानातला माणूस पुढचा तासभर भिजलेल्या शंभर लोकांना रेनकोट विकत राहतो. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. उद्याने क्वचितच बंद होतात. १९९९च्या फ्लॉइड वादळात ती पहिल्यांदा अशा कारणाने बंद झाली. पण उद्याने बंद असली तरी हॉटेले भरलेली असतात. तेव्हा काही कामगार आधीच नाव देऊन अंथरूण-पांघरूण घेऊन कामाच्या जागी मुक्कामाला राहतात. सलग पाळ्या, जादा वेतन, आणि घरच्यांची काळजी असा तो मामला असतो.

उद्यान बंद झाल्यावर तिसरी पाळी सुरू होते. रस्ते पाण्याने धुतले जातात, फुलांचे वाफे रातोरात बदलतात, हातांनी झिजलेले कठडे रंगवले जातात, रुळांवरून तंत्रज्ञ पायी चालत जातात. सकाळी आलेल्या पाहुण्याला काल इथे हजारो माणसे होऊन गेली याची खूण सापडता कामा नये. या पाळीचे धोके वेगळे. ५ जुलै २००९च्या पहाटे मोनोरेलच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळून २१ वर्षांचा चालक ठार झाला. रूळ बदलण्यात झालेली चूक आणि रात्रीच्या कामाची नीट लिहून न ठेवलेली पद्धत चौकशीत पुढे आली. चालकाच्या कक्षात पाहुण्यांना बसवण्याची जुनी प्रथा त्यानंतर बंद झाली.

मनुष्यबळाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांचा. त्यांच्यासाठीची योजना १९८१मध्ये सुरू झाली. ते काही महिने काम करतात, खोल्या वाटून घेऊन राहतात आणि भाडे पगारातूनच वळते होते. २०२१पासून हा मुक्काम फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज या सुमारे दहा हजार खाटांच्या वसाहतीत आहे. रात्री एक वाजता बंद करून सकाळी सातला पुन्हा उघडायला येणे, नाताळच्या दिवशी घरी नसणे, पाच देशांच्या मुलामुलींबरोबर एकाच फ्रिजवरून भांडणे, हे या अनुभवाचे खरे पाठ. मोबदल्यात उद्यानांत फुकट प्रवेश मिळतो. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथेच जाणारा विद्यार्थी पहिल्या दोन महिन्यांत हमखास दिसतो, चौथ्या महिन्यात तो झोपलेला असतो. मार्च २०२०मध्ये करोनामुळे उद्याने बंद झाली तेव्हा या मुलांना काही दिवसांत खोल्या रिकाम्या करून घरी जावे लागले. ११ जुलैला उद्याने पुन्हा उघडली, पण सप्टेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेतल्या उद्यान-विभागातून २८ हजार लोक कमी करण्याची घोषणा केली.

कायम कामगारांचा प्रश्न घरभाड्याचा. अनेक संघटनांनी मिळून केलेल्या २०१८च्या करारात किमान वेतन २०२१पर्यंत ताशी १५ डॉलर करायचे ठरले, आणि २०२३च्या करारात त्याच वर्षअखेरपर्यंत १८ डॉलर. त्याच काळात ऑरलँडोची भाडी वाढत गेली. किसिमीच्या महामार्गालगतच्या स्वस्त मोटेलांत आठवड्याच्या भाड्यावर राहणारी कुटुंबे हे या पर्यटनाचे दुसरे अंग आहे. २०१७च्या 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' या चित्रपटात ते दिसते. २०१८पासून तासावर काम करणाऱ्यांची कॉलेजची फी भरण्याची योजना कंपनीने सुरू केली. तिच्यावर पदवी घेऊन बरेच जण दुसऱ्या नोकऱ्यांत गेले, आणि कंपनीला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही.

तरीही वीस-तीस वर्षे राहणारे आहेत. ज्येष्ठतेने पाळी निवडण्याचा हक्क मिळतो, पहाटेचे बरे तास मिळतात, अमुक वर्षांच्या सेवेची पिन मिळते. निवृत्तीनंतर हौसेने अर्धवेळ कामाला आलेले आजोबाही दारावर तिकिटे तपासताना भेटतात. हसू त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि नव्या पोरांना काठीने उंची कशी मोजायची, रडणाऱ्या मुलाला कसे वळवायचे हे वर्गात शिकवलेल्यापेक्षा त्यांच्याकडे पाहूनच जास्त कळते. पाय दुखायला लागले की ते बसून करायचे काम मागून घेतात, आणि ज्येष्ठतेमुळे ते मिळतेही.